हिरडीवरची निळी रेघ

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. एकदा अक्कलकोटला दर्शनाच्या रांगेत हात जोडून उभी होते, मनातल्या मनात तरी बोलून टाकावं म्हणून — आणि ऐन वेळी गुडघेदुखीचं गाऱ्हाणं घालून बाहेर आले. देवाशीसुद्धा चोरी. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढं माझं तोंड चांगलं बंद राहतं. पन्नास वर्षांचा सराव आहे त्याला.

आधी माझी एक खोड सांगते. कोणी हसलं की मी त्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, ओठाखाली बघते. हिरडी जिथं दाताला लागते, तिथं. नातवाला पहिला दात आला तेव्हा घरात सगळे कौतुक करत होते, आणि मी त्याचा चिमुकला ओठ बोटानं वर करून बघत बसले — इतकी, की सून म्हणाली, "आई, त्याला रडवताय तुम्ही." मी हसून सोडून दिलं. काय सांगणार होते तिला?

तर, चौऱ्याहत्तर साल. मी वीस वर्षांची, मॅट्रिक पास, आणि सोलापुरात एका चिनी दातवाल्या डॉक्टरकडं कामाला. हो, चिनी. कलकत्त्याहून आलेला, पन्नाशीचा, बायको वारलेली, मूलबाळ नाही. दुकानाच्या काचेच्या कपाटात कवळ्या मांडलेल्या असायच्या, आणि रस्त्यानं जाणारी पोरं त्यांना वेडावून दाखवायची. आमच्या कानडी बायांनी त्याला चिन्नप्पा करून टाकलं होतं. त्यालाही ते आवडायचं. माझं काम म्हणजे हत्यारं उकळायची, वहीत नावं लिहायची, आणि मुख्य म्हणजे बोलायचं. विणकर तेलुगूत कण्हायचे, खेड्यातले कानडीत, मास्तर लोक मराठीत, आणि चिन्नप्पाला येत होती फक्त मोडकी हिंदी. मला चारी भाषा येत. त्याच्या आणि सगळ्या गावाच्या मध्ये मीच होते — हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

त्याच्या खुर्चीमागं फळीवर एक बरणी होती. तिच्यात वाळलेल्या अळंब्यांचे काप. आपली पावसाळ्यात उगवणारी मऊ छत्री नव्हे; झाडाच्या बुंध्याला कानासारखी चिकटून वाढते ती, लाकडासारखी टणक, तांबूस, वरून लाखेचा हात दिल्यासारखी चकचकीत. कलकत्त्याहून त्याची बहीण रेल्वे पार्सलनं पाठवायची. तो रोज सकाळी एक काप उकळून ते कडू पाणी प्यायचा. त्यांच्याकडं म्हणे राजे-महाराजे हेच प्यायचे, झोप येते, ताकद येते, आयुष्य वाढतं. पार्सल आलं की एकेक अळंबं उलटं करून देठाकडून हुंगायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "पहले जड देखो, टोपी बाद में. ये जमीन का सब खाता है. अच्छा भी, बुरा भी." मी मान हलवली. तेव्हा मला ते म्हाताऱ्या माणसाचं सोवळं वाटलं.

आता अक्का. माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. वेणी घालून, पाटी हातात देऊन मला शाळेत लोटलं ते अक्कानं. दोन गल्ल्या पलीकडं तिचं सासर. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि पाळणा नव्हता. दाजी माणूस सरळ, पण सासूच्या जिभेला हाड नव्हतं. अक्काला झोप लागेना, अन्न जाईना. एकदा दाढ दुखते म्हणून मी तिला दवाखान्यात आणलं. चिन्नप्पानं दाढ बघितली, तिचा चेहरा बघितला, आणि बरणीतले काप कागदात बांधून दिले. पैसे घेतले नाहीत. महिन्याभरात अक्का झोपायला लागली. ती मला म्हणाली, "लई गुणाचा हाय की गं तुझा चिन्नप्पा." मला केवढा अभिमान वाटला! जणू ते औषध माझंच होतं.

आणि मेमध्ये रेल्वेचा मोठा संप झाला. गाड्या बंद, पार्सलं बंद. बरणी तळाला गेली. संप मिटला तरी पार्सल आलं नाही — कुठं गहाळ झालं कोण जाणे. चिन्नप्पानं स्वतःचं पिणं थांबवलं आणि उरलेलं अक्कासाठी ठेवलं. तेही संपलं. अक्काची झोप पुन्हा उडाली.

आमच्या गल्लीच्या टोकाला सूत रंगवायचा एक लहान कारखाना होता. लुगड्यांच्या काठाला लागणारं पिवळंधमक सूत तिथून जायचं. मागल्या भिंतीतून त्याचं पाणी गटारात पडायचं, आणि गटाराला लागून कडुलिंबाचा एक तोडलेला बुंधा होता. त्या बुंध्याला तसलंच अळंबं होतं. तसंच तांबूस, तसंच चकचकीत — फक्त त्याच्यावर बारीक पिवळी पूड बसलेली असायची. गल्लीतल्या बायांना ते अळंबं वाटलंच नव्हतं. त्यांच्या लेखी खोडाला भंडारा फुटला होता. बाळेच्या खंडोबाचा भंडारा. कोणीतरी कुंकू लावलं, कोणी हिरव्या बांगड्या वाहिल्या. त्या मेच्या उन्हात झाडांना पान नव्हतं, माणसं नळावर भांडत होती, आणि ते मात्र ओलं असायचं. त्याच्या कडेला थेंब धरायचे, पिवळट, घामासारखे. बाया ते बोटानं टिपून जिभेला लावायच्या. मीही एकदा लावलाय. किंचित गोड लागला.

गोड. पुढं मला कळलं, तो का गोड लागतो ते.

आता येतेय मी मुद्द्यावर. बघा, अजून येववत नाही. एका दुपारी, गल्ली झोपलेली असताना, मी विळीचं पातं पदराखाली घेऊन गेले आणि त्याचा हातभर तुकडा कापला. देवाचं चोरतेय, एवढीच भीती होती. विष घेतेय, असं चुकूनही मनात आलं नाही. उलट वाटलं, पिवळं आहे, हळदीचं आहे, अक्काच्या ओटीला हेच चांगलं. तुम्ही म्हणाल, अडाणी. पण मी मॅट्रिक होते की. घरी नारळाच्या शेंडीनं ते घासलं, पाण्याबरोबर पिवळं वाहत राहिलं, नखांत जाऊन बसलं. गच्चीवर वाळवलं. खालच्या बाजूच्या बारीक छिद्रांतलं पिवळं काही निघालं नाही. मग देठाकडची बाजू कापून फेकून दिली. चिन्नप्पा देठ हुंगतो, हे मला माहीत होतं. म्हणजे चोरी मला कळत होती — एवढं तरी सांगायलाच हवं.

त्याला सांगितलं, मामानं आंबोलीच्या रानातून आणलंय. मला मामाच नाही. त्यानं काप उलटसुलट केले, विचारलं, "जड किधर है?" मी म्हटलं, मामानं वरच्या वर कुऱ्हाडीनं तोडलं. तो माझ्याकडं बघत राहिला — आणि मग बरणीत भरलं. स्वतःसाठी एक कापही घेतला नाही. सगळं तुझ्या बहिणीला, म्हणाला.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा बुंध्याशी गेले, तर कापलेल्या जागी नवी ओली कड आली होती. नेमकी तेवढीच. मी परत कापलं. ते परत आलं. असं पाच वेळा झालं. पुढं पुढं मला वाटायला लागलं, ते माझी वाट बघतंय. मी येणार त्या दिवशी त्याच्या कडेला थेंब जास्त असायचे. तुम्हाला खोटं वाटेल. मलाही वाटावं असं वाटतं. बायांच्या लक्षात आलं होतं की कोणीतरी तोडतंय. काही म्हणाल्या, देवच आपणहून उतरून कोणाच्या तरी घरी जातो. गल्लीतली सगळ्यांत म्हातारी नरसव्वा मात्र बुंध्याकडं बघत, कोणाचं नाव न घेता बोलली, "ज्यानं तोडलं त्येच्या घरात पाळणा हलायचा न्हाय." मी तिच्या शेजारीच घागर घेऊन उभी होते.

आणि श्रावणात अक्काला दिवस राहिले.

काय सांगू तुम्हाला! नऊ वर्षांनी. सासूनं तिला पहिल्यांदा बसल्या जागी ताट दिलं. दाजींनी चिन्नप्पाला पेढे नेऊन दिले, आणि त्यानं ते दवाखान्यात सगळ्यांना वाटले. अक्का सगळ्यांना सांगायची, माझ्या बहिणीनं चिन्नप्पाचं औषध आणलं म्हणून हे झालं. नरसव्वाच्या शापावर मी मनातल्या मनात हसले. अक्काच्या पोटात कळा यायच्या, तोंडाला लोखंडाची चव यायची, चेहरा पांढराफटक पडला होता. बाया म्हणायच्या, पहिलटकरणीचं असंच असतं. मीही म्हणायचे.

दसऱ्याच्या सुमारास ती हिरड्या दुखतात म्हणून दवाखान्यात आली. चिन्नप्पानं तिला खुर्चीत बसवलं, दिवा ओढला, खालचा ओठ अंगठ्यानं खाली केला. आणि थांबला. मी ट्रे धरून शेजारी होते, मला दिसलं. हिरडी जिथं दाताला लागते तिथं एक बारीक रेघ. निळी-काळी. दातामागून दात, न तुटता, बोरूनं ओढल्यासारखी. त्यानं कापसानं पुसली. ती पुसली गेली नाही.

अक्काला त्यानं एवढंच सांगितलं की औषध आता बस, दूध पी. तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मला आत बोलावून दार लोटलं. म्हणाला, हे शिसं आहे. कलकत्त्यात छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या माणसांच्या तोंडात ही रेघ मी पाहिलीय. हिच्या पोटात शिसं कुठून गेलं? मी विचारलं — अगदी साळसूदपणे — शिसं असतं कशात? म्हणाला, जिभेला गोड लागतं ते, आणि बोटांवर मोजत सांगितलं. छापखान्याचे खिळे. बॅटरी. काही भांड्यांची कल्हई. आणि पीला रंग.

पिवळा रंग. माझे हात ट्रेवर होते. मी नखांकडं बघितलं. नखं स्वच्छ होती.

"सच बोलो बेटी," तो म्हणाला, "वो कहाँ का था?"

मी म्हटलं, आंबोलीचं. मामानं आणलेलं.

हा तो क्षण. त्याआधीचं सगळं अज्ञान म्हणून खपेल, पण हे नाही. मला कळलं होतं, आणि कळल्यावर मी खोटं बोलले. का? अक्काच्या डोळ्यांतला माझा मान जाईल म्हणून. गल्ली म्हणेल देव चोरला म्हणून. आणखी मोठं कारण शोधत मी पन्नास वर्षं घालवली, पण ते नाहीच.

त्यानं एका चिठ्ठीवर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. म्हणाला, आजच हिला मोठ्या दवाखान्यात ने, ही चिठ्ठी दाखव, ते रक्त तपासतील. मी चिठ्ठी घेतली. बाहेर येऊन अक्काला म्हटलं, चल घरी. चिठ्ठी दाखवली तर तिथला डॉक्टरही तेच विचारणार होता — कुठून आलं? ती मी झंपरात खोचली. दोन दिवसांनी चिन्नप्पानं विचारलं. मी म्हटलं, नेलं होतं, घाबरायचं काही नाही म्हणाले. त्यानं सुस्कारा सोडला. माझ्या चार भाषांपैकी कोणत्या भाषेत त्यानं पडताळून बघावं?

औषध तर बंद झालंय, मग होईल सगळं ठीक — असं मी स्वतःला समजावलं. पण अक्काला औषध बंद का, हे कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. तिच्या मनात एकच — हे पोट त्या औषधानं राहिलंय, औषध सुटलं तर पोटही पडेल. तिनं तिखटाच्या डब्यामागं एका लहान डब्यात मूठ-मूठ काप साठवले होते. कोणाला न सांगता, मलाही न सांगता, ती ते रोज उकळून पीत राहिली. लेकरासाठी. माझ्या एका वाक्यानं तिनं ते चुलीत टाकलं असतं.

दिवाळी झाली आणि आठवड्यात तिचं पोट पडलं. पाचव्या महिन्यात. मुलगा होता. मी तिच्या स्वयंपाकघरात पाणी तापवायला गेले, तेव्हा मला तो डबा सापडला — रिकामा, तळाला चिमूटभर पिवळी पूड. मी तो घासला. मोरीत तीन पाण्यांनी घासला आणि पालथा घातला.

सासू म्हणाली, त्या चिन्यानं घात केला. दाजी चप्पल घालून निघाले, आणि त्यांच्यामागं अर्धी गल्ली. बारा वर्षांपूर्वीच्या लढाईचं ज्याला त्याला एकदम आठवलं. जे कालपर्यंत चिन्नप्पा म्हणत होते ते 'चिनी तो चिनीच' म्हणायला लागले. पाटीला डांबर फासलं. बरणी रस्त्यावर फोडली. कवळ्या मातीत पडल्या, आणि एका पोरानं त्यातली एक पायानं उडवली. दाजींनी चिन्नप्पाची कॉलर धरून विचारलं, काय पाजलंस माझ्या बायकोला? तो त्याच्या मोडक्या हिंदीत काही सांगू लागला. त्या गोंगाटात कोणाला कळेना. सगळी माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली — सांग की, काय म्हणतोय तो?

तो म्हणत होता, गलती मेरी है, मैंने जड नहीं देखी.

मी म्हटलं, तो म्हणतो चूक त्याची आहे.

खोटं होतं का हे? शब्द न् शब्द बरोबर होता. फक्त अर्धं गिळलं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मराठी बोलता आली नाही तरी एवढी त्याला कळत होती. दाजींनी एक थोबाडीत मारली, आणि मग सगळे पांगले. दोन दिवसांत दुकान रिकामं झालं. जाताना रस्त्यात भेटला तर एवढंच म्हणाला, "बहन को दूध देना. रोज."

संक्रांतीच्या आसपास कलकत्त्याहून एक कार्ड आलं. लहान पोराच्या हातासारखी वाकडी हिंदी. बहिणीच्या हिरड्या कशा आहेत, रेघ गेली का, कळवावे. खाली पत्ता होता. मी कार्ड चुलीत घातलं. चिठ्ठी मात्र जाळली नाही. का, ते विचारू नका. ती माझ्या लग्नाच्या शालूच्या घडीत आहे.

बुंध्यापाशी मी पुन्हा कधी गेले नाही. बाया पुढं कितीतरी दिवस ते थेंब जिभेला लावत होत्या. त्यांनाही मी काही बोलले नाही. कोणाकोणाच्या हिरडीवर रेघ उमटली असेल? मी बघितलं नाही; तेव्हा मी सगळ्यांशी खाली मान घालून बोलायचे. कारखाना बंद पडला, गटार बुजलं, आता तिथं मोटारसायकलचं गॅरेज आहे. नरसव्वाचा शाप मला लागायचा होता. मला तीन मुलं झाली. अक्काला पुन्हा दिवस राहिले नाहीत. आपलेच दात अन् आपलेच ओठ, असं म्हणतात ना — ती माझ्या मुलांना न्हाऊमाखू घालायची, आणि घालता घालता सांगायची, एक चिनी होता, त्यानं तुमच्या भावाला खाल्लं. माझी मुलं ती गोष्ट ऐकतच मोठी झाली. मी पोळ्या लाटत असायचे. ती मध्येच वळून विचारायची, होय ना गं? आमच्या घरात बोलणं कानडीत. हो म्हणायचं तर आम्ही 'हौद' म्हणतो. मी म्हणायचे, हौदक्का.

मागच्या वर्षी अक्का गेली. शेवटचे आठ दिवस मीच तिच्यापाशी होते. अन्न बंद होतं, ओल्या कापसानं तोंड पुसायचं. एका सकाळी, घरात दुसरं कोणी नसताना, मी तिचा खालचा ओठ अंगठ्यानं खाली केला. समोरचे चार दात शाबूत होते तिचे. मी खिडकीचा पडदा सरकवला आणि नीट बघितलं. हिरडी स्वच्छ होती. गुलाबी. कुठं काही नव्हतं.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता. आता सांगायचं. माझे ओठ हललेसुद्धा.

ती म्हणाली, "त्या चिन्नप्पानं घेतलं गं माझं लेकरू."

मी तिच्या ओठावरून कापूस फिरवला आणि म्हटलं, "हौदक्का."